भरलेला कप

कमांडरने कॉफीच्या कपाला हात लावला नाही. समेट मागायला आलेल्याने आधी होकार घ्यायचा, मगच यजमानाची कॉफी प्यायची, ही तिथली जुनी रीत.

"अबू नवाफ, तुमच्या एका शब्दावर गावातला रक्तपात थांबेल," त्याला घेऊन आलेले पंच म्हणाले.

अबू नवाफ म्हणजे नवाफचा बाप. दोन वर्षांपूर्वी तोही असाच कमांडरच्या घरी कॉफी न पिता बसला होता, मुलाच्या जिवाची भीक मागत. लग्नात ऊद नावाचं तंतुवाद्य वाजवलं, एवढाच नवाफचा गुन्हा. कमांडरने हसत हसत बंदुकीच्या नळीने बापाचा कप पालथा केला आणि खिडकीतून चौकात खूण केली. तिथे आधी नवाफची बोटं छाटली, मग त्याला गोळ्या घातल्या. बापाच्या डोळ्यांदेखत.

आता कमांडरचं राज्य बुडालं होतं. दाढीतून घाम ओघळत होता.

"पी," म्हातारा म्हणाला.

कमांडरला रडू फुटलं. "तुम्ही मला माफ केलंत!"

"माफी तुला मेल्यावरही मिळायची नाही. समोरच्या गच्चीवर माझी सून बंदूक रोखून बसलीय. कप भरलेला राहिला तर झाड गोळी, असं मीच तिला सांगितलंय. पण आता वाटतं, तिचे हात तरी स्वच्छ राहावेत."

कमांडरने कप तोंडाला लावला.

"सगळी पी. मग रिकामा कप तिला दिसेल असा खिडकीत पालथा धर," म्हातारा म्हणाला. "तुला येतं ते."