मागची खडखड

पाच माणसं एकदम दारात उभी राहिली तेव्हा ताईला वाटलं, गिऱ्हाईक. मशीनवरून उठून तिने गळ्यातली मापाची पट्टी काढलीसुद्धा.

"मावशी, शिवायचं काही नाही," पुढचा दाढीवाला म्हणाला. "आम्हाला सरांची खोली बघायची होती."

"कोण सर?"

त्याने पिशवीतून एक जुनी कॅसेट काढली. तिच्यावर ताईच्या धाकट्या भावाचा फोटो होता. म्हणजे बारक्या! महिन्यापूर्वी गेलेला बारक्या. जन्मभर आतल्या खोलीत गिटार घेऊन बसला, दोन कॅसेटी काढल्या, त्या कोणी विचारल्या नाहीत, आणि अख्ख्या गल्लीने त्याला रिकामटेकडा ठरवून टाकलं. तो सर कधी झाला? हसावं की रडावं, तेच ताईला कळेना.

पाचही जण चपला काढून, पाय न वाजवता आत गेले. आत बघण्यासारखं होतं तरी काय? एक खाट, एक खुर्ची, खिळ्याला टांगलेला सदरा. तरी त्यांच्यातला एक टक्कलवाला भिंतीला हात लावून उभाच राहिला. ओल तर नाही आली, म्हणून ताईनेही वाकून पाहिलं.

त्यांच्यात एक मुलगी होती, हातात जाडजूड वही. ती म्हणाली, "मावशी, एक विचारू? पहिल्या कॅसेटमध्ये सरांनी मागे एक वाद्य घेतलंय. खटखटखटखट असं चालतं, मधेच थांबतं, पुन्हा सुरू होतं. आठ वर्षं झाली, आमचा शोध चालू आहे. हा म्हणतो ताशा, तो म्हणतो आगगाडी. तुम्हाला काही माहीत आहे?"

ताईने हातातली पट्टी घट्ट गुंडाळली. सत्तावीस वर्षं लपवलेली चोरी आज पकडली गेली, तीही घरात येऊन.

ती कॅसेट प्रथम दुकानात गेली तेव्हा दुकानदार बारक्याला म्हणाला होता, "गाणी बरी आहेत रे, पण मागे काय खडखडतंय?" ताई शेजारीच उभी होती. बारक्या काही बोलला नाही, बोलण्यात तो पहिल्यापासून कंजूष. पण ताईने त्या दिवसापासून कानाला खडा लावला. आत गिटारची तार वाजली की इकडे तिचा पाय पायडलवरून खाली. तेवढ्या वेळात ती हाताने काजं करायची. तरी दुसरी कॅसेट पहिलीपेक्षा वाईट पडली आणि पुढे त्याने गाणं भरणंच सोडलं. आपल्याच पायाने भावाचं नशीब तुडवलं, हे तिने मनाशी पक्कं धरलं होतं. हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

"वाद्य कसलं आलंय," ती म्हणाली. "माझी मशीन ती. शाळा उघडायच्या होत्या, गणवेश अंगावर पडले होते. चुकलं बाबांनो माझं."

सगळे मशीनकडे बघायला लागले. दाढीवाला तर मटकन खालीच बसला.

"आणि तिसऱ्या गाण्यात, शेवटच्या कडव्याआधी ती थांबते ते?" त्याने खालूनच विचारलं.

"दोरा तुटला असेल."

कोणी हसलं नाही. मुलीने वहीत लिहून घेतलं.

"पण चुकलं काय म्हणता मावशी?" टक्कलवाला म्हणाला. "आम्ही ती कॅसेट त्या आवाजासाठीच तर ऐकतो!"

ताई एकेकाचं तोंड बघत राहिली. ही माणसं थट्टा करतायत म्हणावं, तर एकाच्याही चेहऱ्यावर थट्टा नव्हती. चांगली शिकलीसवरलेली दिसत होती. मग ह्यांना झालंय तरी काय?

"मग दुसऱ्या कॅसेटमध्ये मशीन का नाही?" मुलीने विचारलं. "तिच्यात नुसतं दार आहे."

"कसलं दार?"

मुलीने मोबाइल काढून लावला. आधी खरखर, मग गिटारच्या दोन तारा. मग कुर्रर्र करून एक दार उघडलं. बारक्याचा श्वास ऐकू आला. तो वाट बघत असल्यासारखा थांबला होता. मग पुन्हा कुर्रर्र, कडी लागली, आणि गाणं सुरू झालं.

"सहाच्या सहा गाण्यांआधी आहे हे," मुलगी म्हणाली. "आम्ही म्हणतो, जन्म आणि मरण. पण सर उठून दार उघडायचे आणि लगेच बंद का करायचे?"

ताई मधल्या दाराकडे बघत राहिली. तो दार उघडायचा, तिच्या मशीनकडे एकदा बघायचा, न बोलता खुर्चीवर जाऊन बसायचा. आणि ती मनात म्हणायची, काय विसरभोळा आहे मेला, आवाज आत जाईल हेसुद्धा कळत नाही ह्याला. मग हातातलं काज तसंच धरून उठायची आणि हलकेच कडी लावून यायची.

"उघडायचा तो," ती म्हणाली. "बंद मी करायचे."

मुलीचं पेन थांबलं.

ताई जाऊन मशीनवर बसली. सुईत दोरा नव्हता, खाली कापड नव्हतं. तिने पदराने डोळे पुसले आणि पायडलवर पाय ठेवला.

"आत बसा सगळे," ती म्हणाली. "आणि त्या दाराला कोणी हात लावू नका."