कार्डासकट पाकीट

"खोटं बोलू नका भावजी. वापरत होतात, तर ताईचा रिपोर्ट असा आला कसा?"

भावजी खाली मान घालून बसलेले. ताई पलंगावर, रिपोर्टचा कागद मांडीवर. भावजींच्या रक्तातला आजार लग्नाआधीचा. त्यांनी लपवला नव्हता, ताईने सगळं ऐकूनच होकार दिला होता. सहा वर्षं दोघं जपून राहिली, सहा वर्षं तिचा रिपोर्ट चांगला आला. या वेळी नाही.

आणि निरोध पुरवणारा कोण, तर हा ओरडणाराच, ताईचा सख्खा धाकटा भाऊ. दवाखान्यात वाटपाचं काम त्याच्याकडे. भावजींना दुकानात मागायची लाज, म्हणून दर महिन्याला हा घरपोच आणून द्यायचा. कामाला एकदम चोख. लोक पाकीट खिशात घालायचे आणि माहितीचं कार्ड दारातच फेकायचे, तेव्हा चार महिन्यांपूर्वी त्यानेच डोकं लढवलं. कार्ड पाकिटालाच असं जोडलं की सुटायचं नाव नाही. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. आज शिबिर होतं, तीच पाकिटं दुसऱ्याच्या हातात देऊन तो इकडे धावत आला होता.

आणि ह्या माणसाला घरबसल्या मिळूनही वापरायचा कंटाळा! त्याचं टाळकंच सरकलं. बॅग भर, त्याने ताईला सांगितलं, या घरात आता एक दिवस राहायचं नाही.

"एकदाही चुकलो नाही रे," भावजी म्हणाले. "हिच्यासमोर सांगतोय."

"मग काय वाऱ्यावर आला आजार?"

ताई उठली. बॅग काढेल असं त्याला वाटलं, तर तिने कपाटाच्या खणातून उरलेलं एक पाकीट काढलं.

"ते खरं बोलतायत. दर वेळी हेच वापरलं, तू दिलेलं." ती नखाने कार्ड सोडवायला लागली. "नखं तुटतात रे काढताना. किती घट्ट मारतोस."

स्टेपलरच्या दोन पिना टिचकन फरशीवर पडल्या. कार्ड सुटलं. पाकीट तिने त्याच्यापुढे धरलं, मागे खिडकी होती. पाकिटाच्या मधोमध उजेडाचे चार बारीक ठिपके दिसले. आरपार.

भावजी म्हणाले, "बोल की आता."

तो चप्पल शोधत होता.

"मला निघायला हवं. तिकडे दोनशे वाटतायत."