निवेदकाच्या चष्म्यात

दुकानदाराने दोन ट्यूनर समोर ठेवले. "काका, अँटेनावरच्या बातम्याच रेकॉर्ड करायच्यात ना? मग स्वस्तातला घ्या. एचडी घेऊन काय निवेदकाच्या मिशा मोजणार आहात?"

"त्याच्या चष्म्याच्या काचा बघायच्यात," मी म्हणालो. तो हसला.

जुन्या ट्यूनरवर त्या काचांत एक अंधुक खोली दिसायची. आमचीच, सदाशिव पेठेतली. खिडकीशी कुणीतरी वाती वळत बसलेलं असायचं. माझी बायको तनुजा बातम्या बघताना अशाच वाती वळायची. तिला जाऊन वर्ष झालं.

मी एचडीच घेतला. "लाल दिवा लागला की रेकॉर्डिंग सुरू झालं समजा," दुकानदार म्हणाला.

दुपारच्या बातम्या रेकॉर्ड केल्या. मग त्या लावल्या, चित्र थांबवलं आणि पडद्याला नाक लावून बघितलं. तीच होती. मांडीवर कापूस, शेजारी माझी रिकामी खुर्ची.

"तनू," मी म्हणालो.

थांबवलेल्या चित्रात तिने मान वर केली. डोळे बारीक करून, मी तिच्याकडे बघत होतो तशीच, ती माझ्याकडे बघत राहिली. मग पदराला हात पुसून तिने रिमोट उचलला.

माझ्या ट्यूनरचा लाल दिवा लागला.