घरातला वरचा शब्द

पंखा पुन्हा आपोआप मंद झाला. पाठोपाठ खिडकीही हळूच मिटली, कुणी मागून येऊन हात लावावा तशी. आजोबांच्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि त्या काट्याचा लगेच राग झाला.

"बघितलंत?" ते दुरुस्तीवाल्यावर गरजले. "मी पंखा पूर्ण सोडायला सांगितला होता. स्वतःच्या घरात वारा खायची चोरी! आज हे निस्तरलं नाही, तर मी चाललो लेकीकडे. बॅग भरून ठेवलीय."

बॅग खरंच दारापाशी होती. सून भिंतीला टेकून उभी होती. बायको देवाघरी गेली आणि घर सुनेच्या मुठीत गेलं, अशी आजोबांची पक्की समजूत होती.

दुरुस्तीवाल्याने हातातल्या पडद्यावर बोट फिरवलं. "आजोबा, काही बिघडलेलं नाही. ज्याच्या मनगटावर पट्टा, त्याची आवड घर ओळखतं. दोघांचं जुळलं नाही, तर ज्याचा शब्द वर लावलाय, त्याचं ऐकतं."

"म्हणजे हिचा!"

"छे हो. ताईंनी स्वतःची आवड कधी भरलीच नाही. वरचा शब्द आजींचा आहे. तुम्हीच लावलाय."

आजोबांना आठवलं. तेव्हा पट्टे नवे होते. "शेवटचा शब्द हिचाच, तिथे माझी काय टाप," असं बायकोकडे बघून हसत म्हणत त्यांनीच बटण दाबलं होतं. आणि त्यांची छाती घरघरते म्हणून तिने त्याच दिवशी संध्याकाळचा गार वारा बंद करून टाकला होता.

"अहो, पण ती गेली."

"असं कसं?" दुरुस्तीवाला पडद्यावरून नजर न काढता म्हणाला. "पट्टेवाले तिघं आहेत खोलीत. आजी इथेच आहेत. नाडीसुद्धा लागतेय त्यांची. जरा जोरात चाललीय, घाबरल्यासारखी."

आजोबांनी बायकोच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. ओठांवर देवाचं नाव आलं. मग मिटलेल्या काचेत त्यांना सून दिसली. ती उजवी बाही मनगटावर ओढून धरत होती.

"बाही वर कर."

डाव्या हातात तिचा पट्टा होता. उजव्यात जुना, चिरा गेलेला, तिला मोठा होणारा.

"मी सांगून तुम्ही ऐकलं असतंत का, बाबा?" ती म्हणाली. "उलट जास्तच हट्टाला पेटला असतात. आणि तुमचा खोकला भिंतीपलीकडे मला ऐकू येतो."

दुरुस्तीवाला ओशाळला. "मग... आजींचं नाव काढून टाकू?"

आजोबा वर बघत राहिले. पंखा मंद, न थकता फिरत होता.

"अगं," ते म्हणाले. कुणाला, ते सुनेलाही कळलं नाही. "पट्टा सैल होतोय तुला. पडेल कुठेतरी. नीट आवळून बांध."