शेवटच्या बाकावर बाबा

नववीतल्या केतकीने शाळेत जाणंच सोडलं होतं. “सर नुसतं पुस्तक वाचून दाखवतात. एकदा तुम्हीच बसून बघा!” ती बाबांवर खेकसली.

दिगंबररावही हट्टी. मुख्याध्यापिकांची परवानगी काढून ते तिला घेऊन थेट वर्गात गेले आणि शेवटच्या बाकावर तिच्या शेजारी बसले. केतकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भूगोलाचे सर एका सुरात वाचू लागले. जरा वेळाने वर्गात खसखस पिकली. दिगंबरराव चक्क घोरत होते!

“उभे राहा,” सर कडाडले. “समुद्राचं पाणी जास्त खारट कशामुळे होतं?”

दिगंबररावांना घाम फुटला. त्यांनी केविलवाण्या नजरेने लेकीकडे पाहिलं. ती हळूच पुटपुटली, “बाष्पीभवन.”

“राष्ट्रपती भवन!” ते ठासून म्हणाले.

वर्गात हशा उसळला. सरांनाही हसू आवरेना.

घरी जाताना दिगंबरराव म्हणाले, “खरंच कंटाळा येतो गं. पटलं मला.” कितीतरी महिन्यांनी केतकीने त्यांचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी ती गणवेश घालून तयार. “चला बाबा, आज गणित आहे!”

दिगंबररावांनी पांघरूण डोक्यावर ओढलं. “मी नाही येणार. पोट दुखतंय माझं.”