पेटीतली जागा

जसोदाबाईंची किटली काट्यावर होती आणि चेअरमन बोलत होते. पेटीच्या पडद्यावर भूपेंद्रदादा हात जोडून उभे होते. "दूध उत्पादक बंधू-भगिनींनो, आपली प्रगती हाच माझा ध्यास..." ध्यासापाशी आवाज अडकला. पडदा गोठला. भाषण संपल्याशिवाय पेटी वजन घेत नसे. मागे रांगेतल्या बाया आपापल्या किटल्यांवर पदर धरून उभ्या राहिल्या. ऊन वर आलं तसं दूध नासायला लागलं.

पुरुषोत्तमनगरच्या अलीकडच्या त्या गावात दूध सोसायटीने ही पेटी नुकतीच बसवली होती. तिला काटा जोडलेला, भाव ठरवायला फॅट मोजायचं यंत्र जोडलेलं, पावती छापायचा प्रिंटर जोडलेला. चेअरमन भूपेंद्रदादा तालुक्याच्या गावी, शहाद्याला राहत. पेटी बसवून देणारा श्रेणिकही शहाद्याचाच. वडिलांच्या इलेक्ट्रिकच्या दुकानाच्या माळ्यावर बसून तो असली कामं करायचा. तो मोटरसायकलवर आला, पेटी उघडून बघितली आणि दादांना फोन लावला.

"दादा, पेटीची मेमरी लहान आहे आणि भाषण मोठं."

"मग मेमरी मोठी करा."

"त्याला नवी पेटी घ्यावी लागेल."

"मग दुसरं काहीतरी लहान करा, शेठ."

श्रेणिकने केलं. काट्याशी बोलायला पेटीत ड्रायव्हर नावाचा एक प्रोग्रॅम होता, दुभाष्यासारखा. त्याला बाजारातल्या झाडून साऱ्या कंपन्यांचे काटे कळत होते. गावात काटा एकच. श्रेणिकने बाकीच्यांची ओळख त्यातून काढून टाकली. पेटी हलकी झाली आणि पळायला लागली. काम चोख झालं होतं. परत जाताना तो स्वतःवरच खूश होता.

जागा झाली हे दादांना कळलं. त्यांनी लगेच दिवाळीच्या शुभेच्छा भरल्या. मग स्वतःच्या वाढदिवसाचा सत्कार भरला. पेटी पुन्हा अडकली.

"शेठ, तुमची ती युक्ती परत करा. नको ते काढा."

"आता नको असं काही उरलं नाही, दादा."

"प्रिंटर आहे की! पावत्या कोण वाचतं?"

प्रिंटरची ओळख गेली. पुढे दादा काठी गावची प्रसिद्ध होळी बघून आले. मोठ्या ढोलाशेजारी उभं राहून त्यांनी गावाला दिलेला संदेश पेटीत बसवायचा होता. त्यापायी फॅटच्या यंत्राची ओळख गेली. यंत्र टेबलावरच होतं, त्याचा हिरवा दिवाही लागत होता. फक्त पेटीला ते दिसत नव्हतं. तिने सगळ्यांच्या दुधाला एकच फॅट लावायला सुरुवात केली. गाईचं.

श्रेणिक वायर तपासायला आला तेव्हा जसोदाबाईंनी त्याला हाताला धरून गोठ्यात नेलं. म्हैस शांतपणे रवंथ करत होती.

"हाई काय शे, भाऊ?"

"म्हैस आहे, मावशी."

"मंग? तू तिले एका रातमा गाय करी टाकं!"

"मी काय करू? वरून सांगितलं तसं केलं."

"पन तुले दिसस ना?"

श्रेणिकला दिसत होतं. तो मान खाली घालून मोटरसायकलकडे गेला. शहाद्यापर्यंत त्याला स्वतःचा फार राग येत राहिला.

त्याच सुमारास सोसायटीची निवडणूक लागली. गावातली बरीचशी जनावरं बायांच्या नावावर होती, म्हणून सभासदांतही बाया जास्त होत्या. जसोदाबाईंनी अर्ज भरला. दादा त्यावर हसले, पण प्रचाराचं भाषण मात्र त्यांनी आजवरच्या सगळ्या भाषणांहून लांब केलं. मग श्रेणिकला फोन आला.

"आता फक्त काटा उरलाय, दादा," श्रेणिक थट्टेने म्हणाला.

पलीकडे दादा विचारात पडले. "काटा किती जागा घेतो?"

श्रेणिक हसला. पलीकडे कुणी हसलं नाही. मग तोही हसायचा थांबला.

"काटा मी काढणार नाही, दादा."

"माणसं पुष्कळ आहेत, शेठ."

"असतील. मी नाही काढणार."

माणसं पुष्कळ होतीच. बाहेरगावहून एक जण आला आणि अर्ध्या तासात काम करून गेला. आता भाषण सुरू व्हायचं, रंगायचं आणि एकदाही न अडकता संपायचं. दूध अंदाजाने घेतलं जाई. बाया काही न बोलता किटली रिकामी करत, चेअरमनचं पूर्ण ऐकून घेत आणि घरी जात. इतके शिस्तीचे श्रोते दादांना उभ्या आयुष्यात मिळाले नव्हते. निवडणूक आपण जिंकलीच, असं ते सगळ्यांना सांगत सुटले.

मतं मात्र मोजली गेली. दादा पडले.

दुसऱ्याच दिवशी नव्या चेअरमन पेटी रिक्षात घालून श्रेणिकच्या दुकानात आल्या. श्रेणिकने त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि कामाला लागला. भाषणं, सत्कार, ढोल, सगळं पुसलं. काट्याची ओळख परत टाकली, फॅटच्या यंत्राची टाकली, प्रिंटरची टाकली. एवढं करूनही पेटीत भरपूर जागा उरली. ती कशासाठी ठेवायची हे आता त्याला अनुभवाने ठाऊक होतं. त्याने माईक जसोदाबाईंपुढे सरकवला आणि खिशातून मोबाइल काढला.

"मावशी, पदर नीट घ्या. एक फोटो काढतो. मग दोन शब्द बोला. सकाळी पेटी सुरू झाली की सगळ्यांना चेअरमन दिसायला पाहिजेत ना."

जसोदाबाईंनी माईककडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. त्यांना खरोखरच काही कळलं नव्हतं.

"फोटो कसाले रे, भाऊ? मी ते रोज सकायले तठेच उभी राहस."