पांढऱ्या झाडांतलं एक काळं

भर दुपारी, शहाणी माणसं सावली शोधत असताना, ताई परसात कॅमेऱ्याचं स्टँड रोवून उभी होती. शाळेतून निवृत्त झाल्यापासून तिला हे नवं खूळ लागलं होतं. जुन्या कॅमेऱ्याच्या आतली काच बदलून तिने तो इन्फ्रारेड करून घेतला होता. डोळ्यांना न दिसणारा उजेड तो टिपायचा, म्हणून त्याला कडक ऊन लागायचं. त्यात आभाळ काळं यायचं आणि जिवंत पानं पांढरीशुभ्र; गडद रंगाचे कपडेसुद्धा बहुधा पांढरेच यायचे. भावजय म्हणायची, "आमच्या ताईंना उन्हाळ्यातसुद्धा बर्फ पडलेला दिसतो."

फोटो पडद्यावर उमटला. कुंपणालगतची सगळी झाडं पांढरी. मधलं, आईने लावलेलं, तेवढं काळपट.

आधी तिने कॅमेऱ्यालाच शिव्या घातल्या. भिंग पुसलं, दुसरा फोटो काढला, तिसरा काढला. झाड काळंच. मान वर करून पाहिलं तर पानं हिरवी होती, जराशी मलूल, इतकंच. पण मरायला टेकलेलं पान माणसाच्या आधी या कॅमेऱ्याला कळतं, हे तिला ठाऊक होतं.

कुंपण आणि खोड यांच्यामधल्या अरुंद जागेत ती अंग चोरून शिरली. तारेला अडकून बाही फाटली. जमिनीपासून वीतभर वर, खोडाच्या मागच्या अंगाला, पाच गोल बुचं होती. गिरमिटाने भोकं पाडून, आत काहीतरी ओतून, वर लाकडी बुचं ठोकलेली. दुसऱ्या कुणी चिखल थापून काम भागवलं असतं. ही बुचं मापात कापलेली, पॉलिश पेपरने घासलेली होती. त्यांच्या रेषासुद्धा सालीच्या रेषांशी जुळवल्या होत्या. इतकं निगुतीने काम करणारा सुतार तिला एकच माहीत होता. आल्यागेल्याला ती त्याने केलेली कपाटं उघडून दाखवायची.

तिचा धाकटा भाऊ. त्याला तिने कडेवर खेळवलं होतं. आणि गेले पंधरा दिवस तोच रोज संध्याकाळी या झाडाला पाणी घालत होता. "उन्हाने कोमेजलंय गं ताई, धरेल पुन्हा जीव," असं म्हणत होता. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. तिला रडू आलं नाही, स्वतःचाच राग आला. झारी तीच भरून देत होती.

भाऊ कामावरून जेवायला आला. तिने पडद्यावरचा फोटो त्याच्यापुढे धरला.

"बिघडला की काय तुझा कॅमेरा?"

"बुचं सुरेख बसवलीस."

भावाची नजर स्वतःच्या चपलांकडे वळली. मग हळूच म्हणाला, "उघडी भोकं सोडून यायला जमेना."

"विचारायचं तरी होतंस मला."

"विचारलं होतं. झाड जगतंय तोवर ही जागा विकायची नाही, असं तूच म्हणालीस."

"मग भांडायचंस माझ्याशी."

"भांडणात तुझ्यापुढे कोण टिकलंय आजवर?"

ती हसली नाही. "जा, झाडापाशी उभा राहा."

"आता कशाला?"

"राहा म्हणते ना."

तिचं ऐकायची लहानपणापासूनची सवय होती. तो गेला, खोडापुढे उभा राहिला आणि नकळत कॉलर नीट केली. अंगात कामावरचा गडद निळा शर्ट होता, सरसाचे आणि वॉर्निशचे डाग पडलेला. तिने बटण दाबलं.

पडद्यावर झाड तसंच काळं होतं. त्याच्यापुढे तिचा भाऊ उभा होता, त्या निळ्या शर्टासकट पांढराशुभ्र. अंगावर कुठे एक डाग दिसत नव्हता.